जमीन आंबट झाली म्हणून चुना? आधी तपासा, मग टाका



मागे याच पानावर बिननांगरटीच्या शेतीबद्दल आम्ही थोडी माहिती दिली होती. तिच्या शेवटी एक वाक्य होते : वर्षानुवर्षे युरिया देऊन जमिनीचा वरचा थर आंबट झाल्यास चुना टाकावा. वाक्य खोटे नव्हते, पण अपुरे होते. कोणत्या जमिनीत, किती आणि कशावरून ठरवायचे, यातले काहीच आम्ही लिहिले नव्हते.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. घाटंजी गटातल्या एका सभासदाने ते वाक्य वाचले, बांधकामाच्या दुकानातून विरलेल्या चुन्याच्या दहा गोण्या आणल्या आणि एकरभर खोडव्यात सऱ्यांतून फेकल्या. त्याच दिवशी युरियाही दिला, वरून पाणी सोडले. दीड महिन्याने ते गट कार्यालयात आले तेव्हा हातात उसाची दोन पाने होती. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, कोंबाची पाने तर पांढुरकी. म्हणाले, "साहेब, तुम्हीच लिहिलं होतं ना चुना टाका म्हणून? आता हे पाहा."

आम्ही त्यांच्या वावरात जाऊन आलो. सगळा दोष चुन्याचा होता असे नाही. त्या काळ्या जमिनीत केवड्याची खोड आधीपासूनच होती. पण दुखणे वाढवायला आमचे अर्धे वाक्य कारणीभूत झाले, हे कबूल केले पाहिजे. म्हणून आज हा विषय मुळापासून मांडत आहोत.

आंबट जमीन म्हणजे काय?

जमिनीचा आंबटपणा सामूने मोजतात. सामू ७ म्हणजे जमीन ना आंबट ना खारी. त्याच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. हा आकडा एकाने उतरला की आंबटपणा दहापट वाढतो. म्हणजे सामू ६ च्या जमिनीपेक्षा सामू ५ ची जमीन दहापट आंबट, आणि सामू ७ च्या जमिनीपेक्षा शंभरपट. कार्डावर ६.८ आणि ५.८ हे आकडे शेजारी शेजारी दिसले तरी त्यात मोठे अंतर आहे.

साधारण साडेसहा ते साडेसात या दरम्यान बहुतेक अन्नद्रव्ये पिकाला सुखाने मिळतात. सामू साडेपाचच्या खाली गेला की जमिनीतले अॅल्युमिनियम विरघळू लागते. ते मुळांची टोके मारते, मुळे आखूड आणि जाड होतात. स्फुरद लोह-अॅल्युमिनियमशी बांधला जातो, द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. अशा जमिनीत चुना हे खरेखुरे औषध आहे. तो आंबटपणा मारतो आणि वर कॅल्शियमही देतो.

आपल्या सभासदांना हे समजायला लांब जायला नको. आपल्याच कारखान्यात ते रोज घडते. गाळलेल्या उसाच्या रसाचा सामू साधारण सव्वापाच-साडेपाच असतो. त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडून तो सातच्या आसपास आणतात, तेव्हा गाळ खाली बसतो आणि रस स्वच्छ होतो. पण तिथे चुना अंदाजाने ओतत नाहीत. रस आंबट राहिला तर साखर फुटते, चुना जास्त झाला तर रस काळवंडतो. म्हणून केमिस्ट सारखा सामू तपासत असतो. जी काळजी रसासाठी, तीच जमिनीसाठी घ्यायची. आमच्या त्या वाक्यात नेमकी हीच काळजी राहून गेली.

युरियाने जमीन आंबट होते, हे खरे का?

खरे आहे. युरिया किंवा अमोनियम सल्फेट जमिनीत पडले की जिवाणू त्यातल्या नत्राचे नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होते. हिशेब असा : १०० किलो युरियाने जो आंबटपणा तयार होतो, तो मारायला सुमारे ८० किलो शुद्ध चुनखडी लागते. १०० किलो अमोनियम सल्फेटला सुमारे ११० किलो. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमध्ये चुनखडी मिसळलेलीच असते, म्हणून त्याने आंबटपणा जवळजवळ वाढत नाही.

नांगरलेल्या जमिनीत हा आंबटपणा सगळ्या थरात वाटला जातो. बिननांगरटीच्या जमिनीत मात्र खत दरवर्षी वरच पडते, पालापाचोळाही वरच कुजतो, माती उलथत नाही. त्यामुळे आंबटपणा वरच्या चार-पाच सेंटिमीटरांत साठतो. खालची माती ठणठणीत आणि वरचा पापुद्रा आंबट, अशी स्थिती होऊ शकते. जगभर जिथे मुळातच आम्लधर्मी जमिनीत बिननांगरटीची शेती होते, तिथे हा नेहमीचा प्रश्न आहे.

आणि आपला खोडवा म्हणजे तरी काय? लागण तुटली, बुडखे छाटले, पाचट सरीत दाबले, नांगर लावलाच नाही. खोडवा ही आपल्या ऊसकऱ्याची जुनी बिननांगरटीची शेतीच आहे. म्हणून हा प्रश्न आपल्यालाही विचारण्याजोगा आहे. पण त्याचे उत्तर जमिनीप्रमाणे बदलते.

घाटंजीच्या काळ्या मातीत चुना किती आहे?

आपल्या भागातली खोल आणि मध्यम काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली. या खडकात कॅल्शियम भरपूर. पाऊस साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर, म्हणजे चुना पार धुऊन नेण्याइतका नाही. तो जमिनीतच राहिला. विहीर खणताना किंवा धुऱ्याकडेची माती कापताना जे पांढरे खडे दिसतात, ती चुनखडीच. अशा जमिनींचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येतो.

आता एक हिशेब करून पाहू. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो धरतात. त्या मातीत मुक्त चुना ५ टक्के असला, तर तो झाला ४५ हजार किलो, म्हणजे ४५ टन. आपल्या सभासदाने टाकला अर्धा टन. ज्याच्या घरात पंचेचाळीस पोती ज्वारी पडली आहे, त्याने आणखी अर्धे पोते उसने आणावे, तसलाच प्रकार.

आता उलट बाजूने पाहा. एखाद्याने एकरी दरवर्षी २०० किलो युरिया दिला तरी त्याचा आंबटपणा साधारण १६० किलो चुनखडी खाईल. ४५ टन संपायला पावणेतीनशे वर्षे लागतील. तेव्हा चुनखडीच्या काळ्या जमिनीत युरियाने जमीन आंबट होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. युरिया बेताने द्यावा हे खरे, पण त्याची कारणे निराळी आहेत : खर्च, वाया जाणारे नत्र, आणि किडीला निमंत्रण देणारे लुसलुशीत पीक.

गंमत अशी की आपल्याच जिल्ह्यात वणीच्या बाजूला चुनखडकाचे मोठे साठे आहेत. ज्या जिल्ह्याच्या पोटात एवढा चुना आहे, तिथल्या काळ्या वावरात तो विकत आणून टाकायचा, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मग ती पाने पिवळी का पडली?

काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही, पुष्कळ असते. पण सामू आठच्या आसपास आणि जोडीला मुक्त चुना, अशा ठिकाणी ते विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. यालाच आपण केवडा म्हणतो. तो आधी कोवळ्या पानांवर दिसतो, कारण लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे जात नाही. लागणीपेक्षा खोडव्यात तो जास्त, कारण सुरुवातीला खोडव्याची मुळे जुनी आणि थकलेली असतात. जस्ताचीही तीच कथा. स्फुरदाचे कॅल्शियमशी लग्न लागते आणि तोही पिकाच्या हाती लागत नाही.

त्यात विरलेला चुना टाकला की मुळांच्या आसपासचा सामू काही काळ आणखी चढतो. भरीस भर म्हणजे युरिया आणि चुना एकाच दिवशी पडले. अल्कधर्मी जागेत युरियातले नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. दाराशी ठेवलेल्या बैलाला चारा घालावा आणि पाठ फिरताच वाऱ्याने तो उडवून न्यावा, तसे झाले. लोहही अडले, नत्रही गेले.

चुना जिथे लागतो तिथली गोष्ट

महाराष्ट्रात चुन्याची खरी गरज आहे ती सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात. तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो. हजारो वर्षांच्या पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेले, मागे लोह-अॅल्युमिनियम उरले. त्यातून जांभा खडक आणि तांबडी आम्लधर्मी माती झाली. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा या भागांत अशा जमिनी आहेत आणि तिथे ऊसही होतो. तिथल्या ऊसकऱ्याने माती तपासून चुना टाकला तर तो शहाणा. तोच चुना घाटंजीच्या काळीत टाकणारा फसतो. दोघांचा ऊस एकच, जमीन वेगळी.

कोकणात बिननांगरटीची शेतीही उभी राहिली आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी, म्हणजे सगुणा पद्धत विकसित केली. एकदा गादीवाफे करायचे, मग दरवर्षी न नांगरता, न चिखलणी करता त्यावरच भात टोकायचा, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. ही पद्धत पुढे कापसासारख्या पिकांतही आली, विदर्भातल्या शेतकऱ्यांनीही ती करून पाहिली. चिखलणीच्या खाचरात पाणी उभे राहिले की आंबटपणा आपोआप उतरतो. गादीवाफ्यावर पाणी तसे साचत नाही. म्हणून आम्लधर्मी जमिनीत वाफे करणाऱ्याने सामूकडे लक्ष ठेवलेले बरे.

याची मोठी उदाहरणे ब्राझीलमध्ये आहेत. तिथल्या पाराना प्रांतात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ साली नांगर बाजूला ठेवला, कारण दर पावसाळ्यात उतारावरची माती वाहून जात होती. पुढे ही पद्धत लाखो हेक्टरांवर पसरली. पण तिथली तांबडी माती मुळातच आंबट. त्यामुळे तिथे बिननांगरट आणि चुना यांची जोडी जमली. आपल्याकडे बातमी येते ती अशा ठिकाणांहून. फोनवर पाहिलेल्या चित्रफितीत शेतकरी चुना टाकताना दिसतो, पीक डोलताना दिसते, पण त्याच्या जमिनीचा सामू दिसत नाही.

न नांगरता चुना द्यायचा कसा?

आम्लधर्मी जमिनीत शेती असलेले नातेवाईक, सोयरे आपल्यापैकी कित्येकांचे असतील. त्यांच्यासाठी ही माहिती.

पहिली गोष्ट, चुनखडी पाण्यात फारशी विरघळत नाही. वर टाकलेला चुना वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर खाली उतरतो, तेही पाऊस आणि जमीन यांच्यावर अवलंबून. म्हणून बिननांगरट सुरू करण्यापूर्वीच माती तपासावी, आणि गरज निघाली तर शेवटच्या नांगरटीत पूर्ण मात्रा मिसळून घ्यावी. ही संधी एकदा गेली की पुन्हा नांगर काढल्याशिवाय येत नाही.

दुसरी गोष्ट, एकदा बिननांगरट सुरू झाली की मोठी मात्रा एकदम टाकू नये. ती वरच्या पातळ थरात साठते, तेवढाच थर अल्कधर्मी होतो आणि तिथे जस्त-लोहाची टंचाई पडते. पूर्ण मात्रेच्या निम्मी किंवा तिसरा हिस्सा द्यावा आणि दोन-तीन वर्षांनी माती पुन्हा तपासावी. पेरणीच्या तासात हेक्टरी दोन ते चार क्विंटल बारीक चुनखडी दर हंगामात देण्याची पद्धतही आम्लधर्मी जमिनीत उपयोगी ठरलेली आहे. चुना थोडा लागतो आणि मुळांजवळ पडतो.

तिसरी गोष्ट, भुकटी जितकी बारीक तितका गुण लवकर. मोठे खडे वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात.

चौथी गोष्ट, सगळे पांढरे पीठ सारखे नसते. शुद्ध चुनखडीची ताकद १०० धरली तर डोलोमाइटची सुमारे १०९, विरलेल्या चुन्याची १३५ आणि कळीच्या चुन्याची सुमारे १७९. कळीचा चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, शेतात न वापरलेलाच बरा. जिप्समची ताकद शून्य. जिप्समात कॅल्शियम असते, पण त्याने आंबटपणा मरत नाही. ते चोपण जमिनीचे औषध. आम्लधर्मी जमिनीत ते फक्त कॅल्शियम खोलवर पोचवायला मदत करते.

पाचवी गोष्ट, चुना आणि युरिया किंवा अमोनियमयुक्त खत एकत्र करू नये. मध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

आपल्या वावरात काय करायचं?

प्रथम घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा. वावरातला मातीचा कोरडा ढेकूळ घ्या, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येऊन फसफसले तर चुना आहे, विषय संपला. फसफसले नाही तर लगेच चुना टाकायला निघू नका. टेकडीच्या उताराची मुरमाड, लालसर बरड जमीन आपल्याकडेही आहे. तिच्यात मुक्त चुना कमी असतो, पण म्हणून ती आंबट असतेच असे नाही. तिथे प्रयोगशाळेचा अहवाल पाहिजे.

नमुना घेताना बिननांगरटीच्या वावरात एक बदल करा. नेहमी आपण व्ही आकाराचा खड्डा करून वीतभर खोलीची माती एकत्र करतो. बिननांगरटीत आणि दोन-तीन वर्षांच्या खोडव्यात दोन नमुने वेगळे घ्या : एक वरच्या ५ सेंटिमीटरांचा, दुसरा ५ ते २० सेंटिमीटरांचा. एकत्र केले तर वरचा आंबटपणा खालच्या मातीत लपून जातो. एकसारख्या वावरात आठ-दहा ठिकाणची माती घ्या. धुरा, उकिरडा, झाडाखालची जागा, जनावरे बसतात ती जागा आणि नुकतेच खत दिलेली सरी सोडून द्या. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा आणि अर्धा किलो ठेवा.

केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. त्यात सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब आहेत, पण मुक्त चुना नाही. उसाच्या जमिनीसाठी तो कळीचा आकडा आहे. म्हणून नमुना देताना मुक्त चुना वेगळा सांगून तपासून घ्या.

अहवाल हाती आला की असे समजा. सामू साडेसातच्या वर असेल तर चुना बंद. साडेसहा ते साडेसात असेल तरी चुन्याची गरज नाही. साडेसहाच्या खाली आला तर गट कार्यालयात या, प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज काढून घेऊ. सहाच्या खाली आला तर उशीर करू नका.

केवडा दिसणाऱ्या खोडव्यासाठी शिफारस अशी : हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट आणि २० किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून सरीतून द्यावे. नुसते टाकले तर चुनखडी त्यांना लगेच बांधून टाकते. पाने पिवळी पडलीच असतील तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन, त्यात थोडा लिंबाचा रस पिळून फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. पाणी तुंबू देऊ नये, कारण ओलीने चिकटलेल्या जमिनीत केवडा बळावतो.

खत पाचटावर फेकू नका. बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीने १०-१५ सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात द्या आणि बुजवा. यात नत्र उडत नाही, आणि वरचा थर आंबट होण्याचा प्रश्नही हलका होतो. पाचट जाळू नका. ते कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्ले काळ्या जमिनीत अडलेले लोह आणि स्फुरद थोडे मोकळे करतात. काळ्या जमिनीला या नैसर्गिक आंबटपणाचाच खरा उपयोग आहे.

कित्येक सभासद विचारतात, सामू उतरवायला गंधक टाकू का? वरचाच हिशेब पुन्हा करा. ४५ टन चुनखडी संपवायला एकरी साडेचौदा टनांच्या घरात गंधक लागेल. तेवढे कोणी टाकत नाही, टाकूही नये. पिकाला अन्नद्रव्य म्हणून थोडे गंधक देणे वेगळे. सबंध जमीन बदलण्याचा नाद सोडावा आणि मुळांभोवतीची जागा शेणखत, पाचट, कुजवलेल्या प्रेसमडने सुधारावी.

शेवटचे दोन शब्द

त्या सभासदाच्या खोडव्यावर दोन फवारण्या झाल्या, पहारीने खत दिले. नवी पाने हिरवी आली. पण मधल्या काळात वाढ थांबली ती थांबलीच. गेलेले टन काट्यावर येत नाहीत. त्यांनी आम्हाला बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी लिहाल तेव्हा कोणाच्या वावरासाठी लिहिता, तेही लिहा."

ते आम्ही ऐकले आहे. यापुढे या पानावर मात्रा छापली की ती कोणत्या जमिनीसाठी आहे, तेही छापू. तुम्हीही एवढे करा. कुठेही, कोणीही, आम्हीसुद्धा, अमुक टाका असे म्हटले की आधी विचारा : कोणत्या जमिनीत? सामू किती? आणि उत्तर मिळाल्याशिवाय गोणीचे तोंड सोडू नका.